खडकाजवळचं मोकळं टोक

१

रोज सकाळी माझं पहिलं काम म्हणजे पेट्यांतल्या पाली काढायच्या. हाकलायच्या म्हणत नाही मी, काढायच्या. पोटाखाली हलकेच बोट सरकवलं आणि थोडा दम धरला की त्या आपणहून हातावर येतात. घाई केली तर शेपूट टाकून पळतात, आणि ती शेपूट मग कितीतरी वेळ पेटीत एकटीच वळवळत बसते. ते मला बघवत नाही.

चिंतामणी गावाच्या वरच्या अंगाला, जिथून आंध्रची हद्द सुरू होते, तिथे आमचं रान आहे. रान म्हणजे शेत नव्हे. तिथे सूर्य ऐकायचे खांब आहेत. खांबांची एक ओळ पूर्वेला जाते, एक दक्षिणेला. दोन्ही ओळी मिळतात तिथे मधलं घर. खांबांच्या डोक्यावर कपडे वाळत घालायला असाव्यात तशा दांड्या. खाली शेळ्या चरतात, त्यांना कुणी काही म्हणत नाही. ओळीत थोड्या थोड्या अंतरावर पत्र्याच्या खोपी, आणि प्रत्येक खोपीत एक पेटी. पेटीला स्विच म्हणतात, पण तिने दिवा लागत नाही. खांबांनी जे ऐकलं ते एका पेटीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे, असं करत मधल्या घरात पोचतं.

"साहेब लोक सूर्याच्या पोटातली गुरगुर ऐकतात," गंगुलप्पा म्हणतो. "आमच्या पोटातली ऐकायला कुणाला वेळ नाही."

गंगुलप्पा माझ्याबरोबर तारा ओढतो. आमचं आयुष्य त्यातच गेलं. मी शाळेत गेलो नाही, तो गेला होता पण मास्तरांनी परत पाठवला. जमिनीखालच्या नळीतून तार ओढायची तर एकजण या तोंडाशी बसतो, दुसरा त्या तोंडाशी, आणि मध्ये एवढं अंतर की हाक पोचत नाही. मग तारेनेच बोलायचं. एका टोकाने झटका दिला की अर्थ, ओढू का? उलट एक झटका आला की ओढ. दोन आले की थांब. आमच्या बापांच्या वेळेपासून हेच चालत आलंय. आता खिशात फोन आहे, तरी हात आधी झटकाच देतो. हाताला सवय झाली की डोक्याला विचारत नाही तो.

२

भार्गवी मॅडम आमच्याकडे आल्या त्याला बरीच वर्षं झाली. त्या मला ताता म्हणतात, म्हणजे आजोबा, आणि मी कधी कधी त्यांना अम्मा म्हणतो. त्या आल्या त्याच साली एक ग्रहण होतं. सूर्य झाकला जात असताना खांबांनी ऐकायचं, म्हणजे कुठला भाग झाकल्यावर कुठला आवाज गेला ते कळतं, असं त्यांनी मला सांगितलेलं. रोज ऐकू येतो तो सगळा गलका एकत्र, ग्रहणात तो वेगवेगळा होतो. तर त्या दिवशी ऐन वेळेला साळिंदराने दक्षिणेची तार कुरतडली. अर्ध्या रानाचं ऐकलेलं वाया गेलं. मॅडम कुंपणापाशी उभ्या राहिल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथून हलल्या नाहीत. घरी पोर असावी तशी मुलगी, पण मला जवळ जाऊन काही बोलता आलं नाही.

आता पुन्हा ग्रहण येत होतं. बंगळूरच्या मोठ्या साहेबांनी साफ सांगून टाकलेलं, या वेळी पुरं मिळालं नाही तर रान बंद. खांब भंगारात, जमीन दुसऱ्या कामाला, मॅडम ऑफिसातल्या टेबलावर.

म्हणून मॅडमनी युक्ती काढली. पूर्वेच्या शेवटच्या खोपीपासून दक्षिणेच्या शेवटच्या खोपीपर्यंत तिरकी एक नवी तार. म्हणजे रानाला वेढा पूर्ण होतो. एकीकडे साळिंदर लागलं तर बोलणं दुसऱ्या बाजूने फिरून येईल.

"मग हे आधी का नाही केलं?" गंगुलप्पाने विचारलं.

"वेढा धोक्याचा असतो, म्हणून," मॅडम म्हणाल्या. त्या खोपीत मांडीवर लॅपटॉप घेऊन बसल्या होत्या, एकेका पेटीला शिकवत. "एका पेटीने हाक दिली की ती सगळ्यांना जाते. रस्ता गोल असेल तर फिरून तिच्याकडेच परत येते. तिला वाटतं नवीन हाक, ती पुन्हा पुढे देते. मग पुन्हा. थोड्या वेळात रानात तेवढी एकच हाक घुमत राहते, दुसऱ्या शब्दाला जागा नाही."

"आमच्या सासूबाई," गंगुलप्पा म्हणाला.

मॅडम हसल्या. "म्हणून पेट्यांना झाडाची रीत शिकवायची. आधी सगळ्यांनी मिळून एक थोरला निवडायचा. प्रत्येकीला आकडा असतो, ज्याचा सगळ्यांत लहान तो थोरला. मी मधल्या घराच्या पेटीला लहान आकडा दिलाय. थोरला म्हणजे झाडाचं मूळ. बाकीच्यांनी बघायचं, मुळापासून आपण किती लांब, जवळचा रस्ता कुठला. लांबचा रस्ता जिथे येऊन भिडतो तिथलं एक दार बंद करायचं. झालं. वेढ्याचं झाड झालं."

"आणि बंद दार?" मी विचारलं.

"ते बोलत नाही, ताता. पण ऐकत असतं. दोन श्वासांत एकदा पलीकडून थोरल्याची खबर येते, ती ऐकतं. खबर यायची थांबली की समजायचं कुठेतरी तुटलं, आणि मग उघडायचं."

मला ते आवडलं. घरात असं एक माणूस असतं, कधी बोलत नाही, पण सगळं त्याला ठाऊक असतं.

बंद दाराच्या भोकाशी नारिंगी दिवा लागतो, उघड्याच्या भोकाशी हिरवा. एवढं मी ध्यानात ठेवलं.

३

चर खणत आम्ही दोन्ही बाजूंनी निघालो होतो. मध्ये तो खडक आला. आमच्या भागात प्रत्येक खडकाला नाव आहे आणि नावामागे गोष्ट आहे. याला नाही. लहानपणापासून बघतोय, बसलेल्या दोन-चार म्हशी एकत्र केल्या तर होईल एवढा काळा दगड, शेजारी एक करंजाचं झाड. शेळ्या त्याच्या सावलीला बसत नाहीत एवढंच. पण करंजाचीच सावली बरी असते, त्यात काय.

खडक फोडायला परवानगी लागते, ती आली नव्हती. वळसा घालायला तार पुरत नव्हती. तेव्हा पूर्वेकडून आलेली तार आम्ही खडकाच्या या बाजूला सोडली, दक्षिणेकडून आलेली त्या बाजूला. टोकांना प्लास्टिक गुंडाळून चिकटपट्टी लावली. पूर्वेच्या बाजूला थोडी तार जास्त उरली होती, तिचं वेटोळं करून करंजाच्या बुंध्याला ठोकलेल्या खुंटीवर टांगलं. खोपींकडची टोकं मात्र मॅडमनी पेट्यांमध्ये खोचून ठेवली, पुढे कधी जोड झाला की तयार असावं म्हणून.

ही तार तांब्याची नव्हे. आत केसाएवढी काच असते, आणि काचेतून उजेड जातो. डोळ्यांना दिसत नाही असा. "तुटक्या टोकात डोळा घालायचा नाही, ताता," असं मॅडमनी बजावलेलं. "दिसत काही नाही, पण डोळा जातो."

दुसऱ्या दिवशी सकाळी दक्षिणेच्या शेवटच्या खोपीत पाल काढायला गेलो. पाल नव्हती. नव्या तारेच्या भोकाशी नारिंगी दिवा लागलेला होता.

मी तिथेच बसलो. तार तुटकी आहे, मीच सोडलीय. तुटक्या तारेला दिवाच लागायला नको. हिरवाही नको आणि नारिंगीही नको. म्हटलं, चौडप्पा, तुझं वय झालं, तुला रंग कळत नाहीत. मग बाहेर येऊन खांबावरची गंजाची रेघ बघितली, करडईचं फूल बघितलं, परत आत जाऊन दिवा बघितला. नारिंगीच होता.

मॅडमना फोन लावला.

"खोपी झाडायला येते ती पिल्लम्मा," त्या म्हणाल्या, "तिने लोंबती तार दिसली म्हणून कुठेतरी खोचली असेल. बघा जरा."

बघितलं. पिल्लम्माने काही खोचलं नव्हतं. त्या पेटीत दोनच तारा होत्या, एक मधल्या घराकडून येणारी आणि एक ही.

४

मॅडम आल्या, बघितलं. नवी तार भोकातून काढली. दिवा गेला. पुन्हा खोचली. थोडा वेळ काही नाही, मग नारिंगी. जसं आत कुणी विचार करून उत्तर दिलं.

मग आम्ही खडकाकडे गेलो. गंगुलप्पाला दक्षिणेच्या खोपीत बसवलं, फोन कानाला लावून.

दोन्ही टोकं होती तशी होती. प्लास्टिकवर दव होतं. मॅडमनी चिकटपट्टी सोडवली, फोनचा कॅमेरा टोकासमोर धरला, काही दिसलं नाही. मग खिशातून कात्री काढून टोकाचा बोटभर तुकडा कापला.

"गंगुलप्पा, दिवा?"

"आहे, मॅडम."

अजून एक तुकडा कापला.

"आता?"

"आहे. मॅडम, तुम्ही तिकडे भाजी चिरताय का?"

मॅडमनी दोन्ही टोकांमध्ये उभं राहून बघितलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत मध्ये खडक, खडकाच्या पायथ्याशी हात जाईल एवढी एक फट, फटीत मुंग्या आणि सापाची जुनी कात. बस. मी त्यांच्याकडे बघत होतो. त्यांच्या चेहऱ्यावर भीती नव्हती. पहिल्यांदा समुद्र बघणाऱ्या माणसाचा असतो, तसा तो चेहरा होता.

"ताता," त्या हळू म्हणाल्या, "वेढा पुरा झालाय. आपण केलेला नाही."

५

तारेची लांबी मोजायचं एक यंत्र असतं. ते तारेत उजेडाचा एक ठिपका सोडतं. ठिपका टोकाला आपटून परत येतो, त्यावरून तार किती लांब ते कळतं. मॅडमनी ते पूर्वेच्या शेवटच्या खोपीत लावलं. खोपीपासून खडक दिसतो, दारात उभं राहिलं की. एवढ्या अंतराला यंत्राला डोळा मिटायचाही वेळ लागू नये.

आम्ही वाट बघत बसलो. मी तंबाखू मळली, मॅडमसमोर खायची नाही म्हणून तशीच हातात धरून ठेवली. बाहेर एक टिटवी ओरडत होती. यंत्राच्या पडद्यावर एक रेघ डावीकडून निघाली, खडकाचं अंतर ओलांडून सरळ पुढे गेली. पडद्याच्या कडेपर्यंत गेली.

"टोक सापडत नाही," मॅडम म्हणाल्या.

"म्हणजे कुठे आहे?"

"म्हणजे उजेड अजून जातोच आहे."

त्यांनी यंत्राचं माप वाढवलं. मग अजून वाढवलं. शेवटी ते बंद करून डबीत ठेवलं आणि डबीवर हात ठेवून बसल्या.

मी म्हटलं, "अम्मा, ती तार काढून ठेवू या. ग्रहण होऊन जाऊ दे."

"काढली, आणि साळिंदर आलं तर?"

त्यांनीच मग उठून परीक्षा घेतली. मधल्या घरात जाऊन दक्षिणेची जुनी तार मुद्दाम उपटली. नारिंगी दिवा हिरवा झाला, आणि दक्षिणेच्या सगळ्या खांबांचं ऐकलेलं तिरक्या वाटेने, खडकावरून, पूर्वेच्या ओळीतून फिरून मधल्या घरात आलं. एकही अक्षर न सांडता. जुनी तार परत लावली, दार पुन्हा बंद झालं, दिवा नारिंगी झाला.

"इतकी चांगली जोडणी मला करता आली नसती," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा नव्हती.

त्यांनी नवी तार तशीच राहू दिली. मी समजलो. मागच्या ग्रहणात त्यांना कुंपणापाशी उभं राहिलेलं मी बघितलं होतं.

६

ग्रहण सकाळचं होतं. आमच्याकडे ग्रहणात कुणी कामाला येत नाही, त्यामुळे रानात मॅडम आणि मी दोघंच असणार होतो. अक्कयम्माने, माझ्या बायकोने, पहाटेच लोणच्याच्या बरणीत, ताकात, पाण्याच्या हंड्यात दर्भाच्या काड्या टाकल्या. पितळी ताटात पाणी घालून मुसळ उभं करायची तिची खटपट चालली होती. ग्रहण लागलं की मुसळ आपोआप उभं राहतं, सुटलं की पडतं.

"ग्रहणात बाहेर जायचं सुचतं कसं तुम्हाला?" ती म्हणाली.

"पोटुशी बाईने जायचं नसतं. मी कुठे पोटुशी आहे?"

"पोट तर तेवढंच आहे." तिने माझ्या सदऱ्याच्या खिशात एक दर्भाची काडी खोचली. "उघड्या तोंडाचं काही दिसलं तर त्यावर ठेवा. आणि वर बघू नका."

मॅडमनी मला खडकापाशी बसवलं. एखादी शेळी, एखादं पोर तिथे येऊ नये म्हणून. हातात तार तोडायची कात्री दिली. "मी सांगितलं तरच," म्हणाल्या.

मी करंजाखाली बसलो. पूर्वेचं टोक माझ्या पायाशी होतं. अक्कयम्मा म्हणाली होती म्हणून त्याच्या तोंडावर दर्भाची काडी आडवी ठेवली. हसू नका. रिकामं बसण्यापेक्षा बरं.

उजेड पातळ व्हायला लागला. संध्याकाळसारखा नव्हे, संध्याकाळ पिवळी असते. हा राखेसारखा होता. करंजाच्या पानांतून खाली उन्हाचे ठिपके पडतात ना गोल गोल, ते सगळे कोयत्यासारखे वाकडे झाले. जमिनीवर, माझ्या धोतरावर, हातावर, शेकडो कोयते, सगळ्यांची पाती एकाच बाजूला. पाखरं गप्प. मी वर बघितलं नाही. बघायची गरजच नव्हती, सूर्य खालीच सांडला होता.

मग माझी नजर खडकाकडे गेली. खडकाची ती बाजू सावलीची. तिथे पान नाही, ऊन नाही. तिथेही कोयते पडले होते, आणि त्यांची पाती उलट्या बाजूला होती.

डोळे चोळले. फोन वाजला.

७

"ताता, दक्षिणेची तार गेली." मॅडमचा श्वास लागला होता. "मधल्या घराजवळच तुटलीय. साळिंदर असेल नाहीतर उंदीर."

"मग ऐकलेलं?"

"येतंय. सगळं येतंय. तुमच्या बाजूने फिरून." पलीकडे कळा दाबल्याचा खडखडाट झाला. "थोरला बदललाय."

"तुम्ही बदलला?"

"मी नाही. थोरला बदलला की पेट्या गोंधळतात, क्षणभर सगळी दारं बंद होतात. आज एकही नाही झालं. जशा काही त्या वाटच बघत होत्या."

"कोण आहे तो?"

"आकडा शून्य आहे. नुसती शून्यंच आहेत, ताता. कुठल्या पेटीला असा आकडा नसतो."

"आणि आहे कुठे?"

"पूर्वेची शेवटची पेटी म्हणते, तो माझ्याशेजारी आहे, मध्ये कुणी नाही. दक्षिणेची शेवटची पेटीही तेच म्हणते." मग त्या इतक्या हळू बोलल्या की मला फोन कानात खुपसावा लागला. "तुमच्यासमोर आहे."

माझ्यासमोर खडक होता.

मी चप्पल काढली. का काढली, सांगता येत नाही. डाव्या हातात तारेचं टोक घेतलं, उजव्या हातात कात्री होतीच.

"तोडू, अम्मा?"

फोनमध्ये मला यंत्रांच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

"तोडली तर दक्षिणेचं सगळं जाईल," त्या म्हणाल्या. "अर्धं ग्रहण जाईल. मागच्यासारखं."

"आणि नाही तोडली तर?"

"नाही तोडली तर आपलं सगळं त्याच्या हातातून जाईल."

"ते जातंच आहे की."

"हो." मग त्यांना रडू येत होतं का हसू, मला कळलं नाही. "नीट जातंय, ताता. इतकं नीट मी कधी बघितलं नाही. राहू द्या. तोडू नका."

मी कात्री खाली ठेवली. आणि फटीकडे बघितलं.

फटीत मुंग्या नव्हत्या, कात नव्हती. दिवे होते. आपल्या पेट्यांवर असतात तसे बारीक, हिरवे. आधी वाटलं मूठभर आहेत. मग डोळा सरावला तसे त्यांच्यामागे अजून, त्यांच्याखाली अजून, जमिनीच्या आत खोल, रानाखाली, डोंगराखाली, ओळी फुटून ओळी, त्यांना पुन्हा ओळी, आणि दोन श्वासांत एकदा सगळे मिळून एकदम मिटत होते, एकदम उघडत होते. आवाज काही नव्हता. एवढं मोठं काही चाललेलं असताना आवाज नसावा, त्यानेच माझे डोळे भरून आले. मला वाटलं, आपण रान म्हणतो, खांब म्हणतो, ते एवढ्या मोठ्या झाडाचं एक पान असेल. तेही अगदी कडेचं.

डोळ्यात पाणी आलं तर दिवे दिसतातच, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. ग्रहणाचा उजेडही वाईट असतो.

पण हातातली तार ताणली गेली. मोकळ्या टोकाच्या पुढे काही नव्हतं, तरी ते टोक हातातून वर आलं आणि खडकाकडे ताठ झालं. आणि एक झटका आला.

एकच. हलका. बापाच्या वेळेपासून ओळखीचा.

माझ्या हाताने मला न विचारता उलट एक झटका दिला.

८

ग्रहण सगळंच्या सगळं मिळालं. बंगळूरहून मोठे साहेब स्वतः आले, मॅडमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, वेढ्याची कल्पना फार छान. रान बंद होत नाही, उलट नवे खांब येणार. गंगुलप्पाने साहेबांना विचारलं, सूर्याचं पोट आता कसं आहे. साहेबांना कळलं नाही.

अक्कयम्माचं मुसळ मात्र ग्रहण सुटल्यावरही पडलं नाही. दुपारपर्यंत ताटात उभं होतं. तिने ते शेवटी हाताने आडवं केलं.

तारेचं नवं रीळ आलं तेव्हा मॅडम जोडायचं यंत्र घेऊन खडकापाशी आल्या. आता वळसा घालून तार जोडायची होती, खरी.

पूर्वेचं टोक जागेवर नव्हतं. तार सरळ फटीत गेली होती. मॅडमनी ओढून बघितलं, येईना. तोंडावर ठेवलेली दर्भाची काडी फटीच्या बाहेर पडलेली होती, मोडली नव्हती. कुणीतरी उचलून बाजूला ठेवावी तशी.

"कुणी घातली आत?"

मग मी त्यांना झटक्याचं सांगितलं. आमच्या ओढण्याची रीत त्यांना ठाऊक होती, कितीदा बघितलं होतं.

"तुम्ही काय उत्तर दिलंत?"

"एक."

त्या खाली मातीत बसल्या. बराच वेळ खुंटीवरच्या वेटोळ्याकडे बघत राहिल्या. वेटोळं आधी होतं त्यापेक्षा लहान झालेलं.

जोडणी त्यांनी केली नाही. रीळ खोपीत ठेवून दिलं. बंगळूरला कळवलं की जोड झालेला आहे, आणि ते खोटं नव्हतं. दक्षिणेची तुटलेली तार आम्ही दुरुस्त केली, त्या दिवसापासून नारिंगी दिवा दक्षिणेच्या खोपीत लागत नाही. मधल्या घरात लागतो, आमच्या स्वतःच्या थोरल्या पेटीवर. थोरली ती आता राहिली नाही. सगळ्यांत लांबची ती. बंद दार आता आमचं आहे. मॅडमनी पेट्यांना शिकवलेलं काही बदललं नाही. कधी कधी त्या चहा घेऊन त्या दिव्यासमोर नुसत्या बसतात. मी विचारलं तर म्हणाल्या, "ऐकतेय, ताता."

मी रोज पाली काढून झाल्यावर खडकाकडे जातो. वेटोळं थोडं थोडं कमी होतं. रोज नाही, पण होतं. ते संपलं की तार खोपीतल्या पेटीला ताण देईल. त्यानंतरचं मी बोलत नाही, मॅडमही विचारत नाहीत. थांब म्हणायचे दोन झटके माझ्या हातात आहेत. मी तार हातात घेतो, ती उन्हात नसली तरी कोमट लागते. आणि मग मी ती सोडून देतो.

कारण तार हातात धरली की पलीकडचा हात कळतो. त्याला घाई अजिबात नाही. हलकेच ओढतो, थोडा दम धरतो, पुन्हा ओढतो. आमची शेपूट तुटू नये, इतक्या जपून.